आक्काचा फोटो

गेनू अण्णा भोर डेपोत एकतीस वर्षं कंडक्टर होते. त्यातली बावीस वर्षं त्यांनी भोर–वेल्हे गाडीवर काढली. नसरापूरला चढलेली बाई मार्गासनीला उतरणार की थेट वेल्ह्याला जाणार, हे तिनं तोंड उघडायच्या आत ते सांगत. निवृत्त झाल्यावरही सवय गेली नव्हती. बाजारात एखादा बाप्या समोर आला की म्हणायचे, "तू तिसऱ्या शिटावरच्या बाईचा ना रं? आईच्या मांडीवर बसून माझ्या तिकिटाची पेटी ओढायचास." तो बाप्या चार माणसांत लाजायचा. चेहरा एकदा पाहिला की विसरायचा नाही, एवढीच एक गोष्ट आपल्याला येते असं अण्णांना वाटायचं, आणि तिचा त्यांना थोडा अभिमानही होता.

मार्गासनीला त्यांचं घर. घरात तिघं: अण्णा, त्यांची बायको बनाबाई, आणि थोरली बहीण रतनबाई. रतनबाईला सगळे आक्का म्हणत. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली ती कायमचीच. त्याच साली आई गेली. गेनू तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि धाकटा भाऊ रांगत होता. दोघांना आक्कानंच वाढवलं. गेनूला भोरला शाळेत ठेवलं तेव्हा दर शनिवारी ती डोक्यावर तांदूळ घेऊन नसरापूरपर्यंत चालत जायची आणि तिथून गाडी पकडायची. पुढे गेनू त्याच गाडीवर कंडक्टर झाला, तरी आक्का तिकिटाचे पैसे हातात ठेवल्याशिवाय बसायची नाही.

सोप्यातल्या भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो होता. वडील गेले तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. कुठल्याशा सोसायटीच्या सभेत मागच्या रांगेत उभे असलेले सापडले, तेवढा चेहरा कापून स्टुडिओवाल्यानं दुसऱ्याच माणसाच्या कोटावर बसवला. आयुष्यभर बंडी आणि पटका घातलेला माणूस भिंतीवर कोट-टाय घालून बसला. आक्का त्याला रोज हात जोडायची, आणि महिन्यातून एकदा तरी म्हणायची, "ह्यो काय आपला बा न्हाई. ह्यो कुनी तरी सायब हाय. आपुन उगंच पाया पडतोय त्याच्या."

अण्णांचा मुलगा इंद्रजित आयर्लंडमध्ये लिमरिक नावाच्या गावात नोकरीला होता. त्यानं तीन महिन्यांसाठी आई-वडिलांना बोलावलं. बनाबाई म्हणाली, "माजा गुडघा आन म्हस, दोनी हितंच ऱ्हात्यात. तुमी जावा." ऑगस्ट सरताना अण्णा एकटेच निघाले. निघायच्या सकाळी पुतण्या स्वरूप गाडी घेऊन दारात उभा होता. हा धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ गेल्यापासून शेजारच्या घरात राहायचा आणि टेम्पो चालवायचा. अण्णा अजून सोप्यातच होते. आक्का अंगणातून उंबऱ्यात आली, त्यांचा हात धरून म्हणाली,

"गेनू, म्या आता चौऱ्याऐंशीची झाले. तिकडनं आलास की माजा एक फोटू काढ. माज्यासारका. त्यो आधार कारडावरला लावू नगा, मढ्यागत दिसतीया त्यात. आन बाच्यावानी कुनाच्या तरी अंगावर मला चिकटवू नगा."

"एवढंच ना? हा घे, आत्ताच काढतो," म्हणून अण्णांनी इंद्रजितनं पाठवलेला नवा मोबाईल वर केला आणि बोट दाबलं.

"आरं थांब मुडद्या, पदर तरी घिऊ दे! आसा नगं. नीट बसवून काढ," असं म्हणत आक्का हसत सुटली, हात पुढं करून. तिला पुढचे दात नव्हते. कपाळावर गोंदणाचे तीन ठिपके होते, ते हसताना सुरकुत्यांत जात. गाडीत बसून अण्णांनी फोटो पाहिला. काळं तोंड, मागं नुसता उजेड, डोक्याचा वरचा भाग कापलेला. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. एवढा मोबाईल हातात, आणि एका म्हातारीचा फोटो धड काढता येत नाही.

लिमरिकला इंद्रजित आणि सून प्रेरणा सकाळी आठला घराबाहेर पडत ते संध्याकाळी सहाला येत. मधले दहा तास अण्णा खिडकीतून रस्ता बघत. वेल्ह्यासारखाच बारीक पाऊस, पण ओळखीचा चेहरा एक नाही. चौथ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "इंद्रजित, हितं फोटू काढायला शिकवत्यात का कुठं?"

"अण्णा, शिकायचंय काय त्यात? बोट दाबलं की येतो."

"बोट दाबलं की येतोय, पर मानूस येत न्हाई त्यात."

इंद्रजित हसला. प्रेरणा भोरची, तिनं मात्र मनावर घेतलं. तिनं मोबाईलवर हिंदीतले धडे लावून दिले. त्यातला माणूस इतक्या घाईनं बोलायचा की अण्णांना वाटे, ह्याची शेवटची गाडी चुकतेय. दोन दिवसांनी त्यांनी ते बंद केलं. समोर कुणीतरी बसून शिकवल्याशिवाय आपल्या डोक्यात काही शिरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मग त्यांनी शोध सुरू केला. गावातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानातल्या पोरीला "शिकायचं, शिकायचं" एवढं इंग्रजीत सांगितलं. तिनं मोठ्या आदरानं एक कॅमेरा काढून दाखवला, मग दुसरा, मग पिशवी. अण्णा सगळ्याला मान हलवत राहिले आणि पाऊस थांबल्याचं निमित्त करून बाहेर पडले. पुढच्या आठवड्यात प्रेरणानं फोटो काढणाऱ्यांच्या एका मंडळाचा पत्ता काढला. इंद्रजितनं तिथं सोडलं. खोलीत वीसेक माणसं, प्रत्येकाच्या गळ्यात भोंग्याएवढं भिंग. पडद्यावर एका पक्ष्याचा फोटो होता, आणि त्या पक्ष्याच्या डोळ्यावर अर्धा तास चर्चा चालली. शेजारच्या गृहस्थांनी अण्णांना विचारलं, कॅमेरा कुठला वापरता. अण्णांनी खिशातून मोबाईल काढला. "छान, छान," म्हणाले आणि ते दुसऱ्या बाजूला वळले. परत आणताना इंद्रजितनं विचारलं, "कसं आहे मंडळ?"

"चांगलं हाय. पर ती रिझर्वेशनची गाडी हाय. आपल्याला लाल डबा पायजे."

लाल डबा मिळाला तो सार्वजनिक वाचनालयात. दारातल्या फळ्यावर योगाचे, विणकामाचे, बागकामाचे कागद लावले होते, त्यात एका कागदावर कॅमेऱ्याचं चित्र होतं. खाली इंग्रजीत लिहिलेलं अण्णांनी अक्षरं लावून लावून वाचलं. अगदी नवशिक्यांसाठी. दर मंगळवारी संध्याकाळी. आठ आठवडे. त्यांनी तो सगळा मजकूर जशाच्या तसा कागदावर उतरवून घेतला. घरी येऊन दिलेल्या नंबरावर फोन केला. पलीकडची बाई काहीतरी भराभरा विचारत होती, अण्णा नुसतं होय होय म्हणत होते, शेवटी तिनंच फोन ठेवला. म्हणून दुसऱ्या दिवशी कागद खिशात घालून ते चालत त्या शाळेत गेले. पाऊण तास लागला. तिथं एक अर्ज दिला. शेवटी रकाना होता, तुम्हाला हे का शिकायचं आहे. अण्णांनी खूप विचार केला आणि इंग्रजीत दोनच शब्द लिहिले: बहीण, फोटो.

शिकवणारी नोरा नावाची पासष्टीची बाई होती. वर्गात अकरा जण, अण्णांनी सवयीनं मोजले. आपण सगळ्यांत मागं बसावं म्हणून ते कडेच्या बाकाकडं निघाले, तर नोरानं अर्ज हातात धरून त्यांना पुढं बोलावलं आणि विचारलं, बहीण कुठं असते? अण्णा म्हणाले, इंडिया. तिला काढायचा? होय. कधी? जाऊन. नोरा म्हणाली, "मग वेळ आहे आपल्याकडे."

पहिल्या दिवशी तिनं फक्त उजेड शिकवला. माणसाच्या पाठीमागं उजेड असला की तोंड काळं येतं. डोक्यावर ऊन असलं की डोळ्यांच्या खोबणी होतात. खिडकीशी बसवा, उजेड एका बाजूनं गालावर येऊ द्या. अर्धे शब्द कळले नाहीत, पण अण्णांना हे सगळं आधीच ठाऊक होतं. दुपारच्या गाडीत नसरापूर सोडलं की वेल्ह्यापर्यंत ऊन डाव्या बाजूच्या शिटांवर येतं, आणि म्हाताऱ्या माणसांना ते उजव्या हाताला बसवायचे. ते बावीस वर्षं उजेडच बघत आले होते आणि त्याला काही नाव असेल हे त्यांना माहीत नव्हतं. त्या रात्री जेवताना ते इतकं बोलले की इंद्रजित नुसता बघत राहिला.

तिसऱ्या मंगळवारी नोरानं घरचा अभ्यास दिला. मोबाईलमधले जुने फोटो काढून बसा. प्रत्येकातली चूक ओळखा. ज्यात चूक आहे तो पुसून टाका, दया करू नका. चुकीचे फोटो जवळ बाळगले की डोळ्याला चुकीची सवय लागते.

बुधवारी सकाळी अण्णा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चष्मा पुसून बसले. विमानाचा पंख: वाकडा. गेला. इंद्रजितचं घर: मध्ये आपलंच बोट. गेलं. अशी एकेक तिकिटं पंच करावी तशी त्यांनी बोटं मारली. तळाशी आक्का निघाली. उजेड पाठीमागं, एक. डोकं कापलेलं, दोन. हात हललेला, तीन. एका फोटोत तीन चुका, आणि तिन्ही आपल्या आपण ओळखल्या! नाहीतरी तीच म्हणाली होती, असा नको, नीट बसवून काढ. मोबाईलनं विचारलं, नक्की पुसू? अण्णांनी हो दाबलं. उठून चहा केला आणि स्वतःवर खूश होऊन दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी, दिवाळीच्या आधी, रविवारी दुपारी स्वरूपचा फोन आला. अण्णा आणि इंद्रजित जेवायला बसले होते.

"अण्णा, बरं हाय न्हवं? आत्त्याचा एखांदा फोटू हाय का तुमच्याकडं? जरा बरा?"

"कशाला रं?"

"त्ये... पगाराचा फारम भरायचाय. निराधारचा."

"फारमला आधारचा चालतोय की."

"न्हाई, जरा मोठा पायजे म्हनत्यात."

निराधारच्या फॉर्मला मोठा फोटो लागत नाही, हे अण्णांना जितकं माहीत होतं तितकं तालुक्यात फार थोड्यांना असेल. डेपोत असताना आणि नंतरही गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे फॉर्म त्यांनीच भरले होते. पण त्या घडीला त्यांच्या डोक्यात फॉर्म नव्हता. फोटो होता.

"हे बघ स्वरूप, आज्याबात कसलाबी फोटू लावू नगंस. म्या शिकतोय हितं. आलो की आक्काला सोप्यातल्या खिडकीपाशी बसवतो सकाळच्या उजेडाला. पदर घिऊन, नीट. असा फोटू निघंल की सायब बघत बसंल. महिनाभर थांब म्हनावं त्याला. पाठीमागनं उजेड आसला की काय होतंय ठावं हाय का तुला?" आणि अण्णा त्याला उजेड समजावून सांगू लागले.

स्वरूपनं सगळं ऐकून घेतलं. मग "बरं" म्हणाला.

"आक्का कुठं हाय? दे की तिला."

"आत्त्या... निजल्याती."

अण्णांनी फोन ठेवला तेव्हा इंद्रजित ताट अर्धं टाकून उठला होता. नळाशी उभा राहून तो एकच भांडं घासत होता. "जेव की रं," अण्णा म्हणाले. "पोट भरलं," तो म्हणाला. पाठमोराच.

पुढच्या महिनाभरात अण्णांनी कितीदा तरी फोन केला. आक्का देवळात गेलेली असायची, नाहीतर नदीला, नाहीतर झोपलेली. आक्काला फोनवर ऐकूही येत नसे, त्यामुळं त्यात नवल वाटलं नाही. दिवाळीला प्रेरणानं फराळ केला. अण्णांनी तिला खिडकीशी बसवून तिचे फोटो काढले, उजेड गालावर घेऊन. ते चांगले आले. प्रेरणा फोटोत हसत नव्हती, पण नोरा म्हणाली, डोळे खरे आहेत. शेवटच्या मंगळवारी प्रत्येकानं आपला एक फोटो दाखवायचा होता. अण्णांनी रिकामी खुर्ची दाखवली, खिडकीजवळची, अर्धी उजेडात. तोडक्या इंग्रजीत सांगितलं, इथं माझी बहीण बसणार आहे, जागा धरून ठेवलीय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नोरानं वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात त्यांचं नाव घातलं आणि बजावलं, बहिणीचा फोटो पहिला आम्हाला पाठवायचा.

नोव्हेंबर संपता संपता अण्णा परत आले. स्वरूप विमानतळावर आला होता. समोरच्या रस्त्यावरून त्यानं नजर काढली नाही. अण्णाच बोलत होते. खिडकीतला उजेड सकाळी किती वाजता येतो, साडेसातला की आठला, हे बनाबाईला विचारायचं राहिलं म्हणत होते. नसरापूर मागं पडलं. दोन्ही बाजूंना भात कापून झालं होतं, खळ्यांवर झोडणी चालू होती. मार्गासनीचा थांबा आला तसे अण्णा सवयीनं वाकून बघू लागले, कोण उभं आहे, कोण चढणार.

थांब्याच्या खांबाला एक फ्लेक्स लटकत होता. एका बाजूनं दोरी तुटलेली, उन्हानं रंग उतरलेला. भावपूर्ण श्रद्धांजली. मधे एका म्हातारीचा मोठा फोटो. जरीकाठाची साडी, चेहरा गुळगुळीत, मान वेगळीकडंच वळलेली.

अण्णांनी निरखून पाहिलं. ओळख पटेना.

"कुनाची म्हातारी गेली रं ही?" त्यांनी विचारलं. "आपल्या वळकीची दिसत न्हाई."

स्वरूपनं टेम्पो कडेला घेतला. त्याचे हात स्टिअरिंगवरच होते. वाऱ्यानं फ्लेक्स थोडा सरळ झाला आणि खालचं नाव वर आलं. अण्णांनी ते अक्षरं लावून वाचलं, जसा वाचनालयातला कागद वाचला होता तसं. कैलासवासी रतनबाई.

अण्णांनी परत एकदा वरचा चेहरा पाहिला. मागून आलेल्या एसटीनं हॉर्न दिला आणि ती वळसा घालून पुढं गेली.

घरी सोप्यात वडिलांच्या शेजारी दुसरा फोटो लागला होता. तोच, काचेत. आधार कार्डावरचा चेहरा मोठा केला होता. स्टुडिओवाल्यानं तो स्वच्छ करताना कपाळावरचे तीन ठिपके डाग समजून पुसून टाकले होते. खाली कुणा दुसऱ्या बाईचं अंग होतं, भरजरी साडीतलं. त्या अंगावर मंगळसूत्र होतं. ते खोडायचा प्रयत्न केला होता, पण दोन-चार मणी राहून गेले होते. साठ वर्षं विधवा राहिलेली आक्का भिंतीवर अर्धंमुर्धं मंगळसूत्र घालून बसली होती.

"कवा?" अण्णांनी विचारलं.

बनाबाई चुलीशी होती. ती तिथूनच म्हणाली, "दिवाळीच्या आदी. सकाळी उठल्याच न्हाईत. तरास काय झाला न्हाई."

"फोन आला त्या दिवशी?"

"त्याच दिवशी. माती करून आलं आन केला. फ्लेक्स लावायचा हुता, पेपराला द्यायचं हुतं, सगळी फोटू फोटू करत हुती."

"आन मला सांगितलं न्हाई."

"सांगून काय केलं आसतं? मातीला मिळनार हुता का? सगळ्यांचा सन गेला आसता, तुमी तिकडं एकटं रडत बसला आसता. इंद्रजितला सकाळीच कळवलं, पर त्यालाबी म्या म्हनलं नगा सांगू. मलाच काय म्हनायचं त्ये म्हना, स्वरूपला न्हाई."

स्वरूप दाराशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "अण्णा, दहाव्याला नदीवर लई वेळ कावळा शिवंना. बारा वाजलं. ज्यानं त्यानं बोलून बघितलं, शेतीचं बोललं, म्हशीचं बोललं. शेवटी काकी म्हनली, वन्सं, हे आलं की तुमचा तुमच्यासारका फोटू लावतील, ह्यो काढून टाकतील. म्हनायला आन कावळा यायला येकच गाठ पडली."

अण्णांनी खिशातून मोबाईल काढून त्याच्या हातात दिला. "निघायच्या दिवशी एक काढला हुता. तू गाडीत हुतास. म्या पुसलाय त्यो. काढ त्यो परत. येत आसंल की परत."

स्वरूपनं बराच वेळ बोटं चालवली. "अण्णा, पुसलेलं तीस दिवस ऱ्हातंय ह्याच्यात. मग आपुआप जातंय. हितं काय न्हाई आता."

"दुसरीकडं कुठं?"

"न्हाई अण्णा."

"तू फोन केलास त्या दिवशी हुता का त्यो ह्यात?"

स्वरूपनं बोटांवर दिवस मोजले. मोजून झाल्यावरही तो मान वर करेना.

"बोल की."

"हुता."

"मग खरं का बोलला न्हाईस रं? येक शब्द बोलला आसतास, आक्का गेली. म्या इंद्रजितच्या हातनं तवाच काढून दिला आसता. काळा आसंना, डोकं कापलेलं आसंना. तिचा हुता."

बनाबाई चुलीपासून उठली आणि गुडघा धरून सोप्यात आली. "त्याला कशाला वरडता? आन तुमी? बावीस वर्सं ह्या रस्त्याला काढली. गावातली निम्मी फारमं तुमच्या हातनं गेली. म्हातारीचा मोठा फोटू कशासाठी मागत्यात, तुमास्नी कळलं न्हाई? परकं मानूस बी वळाकतंय. हितं जित्या मानसाचा फोटू कवा कुनी मागितलाय का?"

अण्णांनी मोबाईल स्वरूपच्या हातून परत घेतला. ते खुंटीला टांगलेल्या कंडक्टरच्या टोपीकडं बघत राहिले.

संध्याकाळी इंद्रजितचा फोन आला. अण्णांना सगळं कळल्याचं त्याला घरून सांगितलं असावं. तो म्हणाला, "अण्णा, मला सांगायचं होतं. पण तुम्ही क्लासला जाताना इतके खुशीत असायचात. एवढे खूश मी तुम्हाला कधी पाहिलेच नव्हते. मला धीर झाला नाही."

"मजी मला हसू दिलंस," अण्णा म्हणाले. "चांगलं केलंस." आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साडेसातला उठून सोप्यातल्या खिडकीशी बसले. उजेड पावणेआठला आला. नोरानं सांगितला होता तसाच, एका बाजूनं, मऊ. तो खाली ठेवलेल्या सुपावर पडला, मग सरकत सरकत भिंतीवर चढला आणि आक्काच्या काचेवर चमकला. मग काच तेवढी दिसली, आत कोण आहे ते दिसेनासं झालं. अण्णांनी उठून फोटो उतरवायला हात घातला.

"वर्ष व्हईस्तोवर उतरवायचा नस्तोय," बनाबाई आतून म्हणाली.

"ही आक्का न्हाई."

"मग कुनाचा लावता? काडलाय का तुमी?"

अण्णांनी हात खाली घेतला.

चार दिवसांनी लांबच्या आळीतली सगुणाबाई आली. अण्णा परदेशातून फोटो काढायला शिकून आलेत, हे गावात पसरलं होतं. "माजाबी काडा की एक," ती म्हणाली, "रतनाक्कावानी नगं बाई, माज्यासारका." अण्णा म्हणाले, मोबाईल बिघडलाय. मोबाईल खिशात होता आणि तेवढ्यातच त्याची घंटी वाजली. सगुणाबाईनं खिशाकडं पाहिलं, अण्णांकडं पाहिलं आणि निघून गेली.

घंटी वर्गाच्या गटाची होती. नोरानं लिहिलं होतं. एवढं इंग्रजी अण्णांना आता कळत होतं. गेनू, पोचलात का? बहीण खुर्चीवर बसली का? खाली बाकीच्यांनी फुलं आणि हात पाठवले होते.

अण्णांनी चष्मा लावला. एक अक्षर लिहायचे, पुसायचे. आपली बहीण गेली, हे इंग्रजीत कसं लिहायचं ते त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण पुढं ती बाई काय म्हणेल, ते अकराच्या अकरा जण तिकडं एकमेकांकडं कसे बघतील, नोरा फोटो पुसायला लावलेल्या आपल्या अभ्यासाला दोष देत बसेल, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. एवढ्या लांब आहेत. त्यांना कळून ते काय करणार.

त्यांनी लिहिलं: होय. बसली. फोटो छान आला.

लगेच उत्तर आलं. वा! मग पाठवा ना, आम्ही सगळे वाट बघतोय.

अण्णांनी मान वर करून भिंतीकडं पाहिलं. मग मोबाईल बंद करून सुपाखाली सरकवला. आतून बनाबाईनं विचारलं, "कुनाचा हुता फोन?"

"कुनाचा न्हाई," अण्णा म्हणाले, आणि म्हैस सोडायला उठले.